पानमळ्याच्या दाराबाहेर

माझं माहेर अंजनगावच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. आम्ही बारी. विड्याच्या पानांचे मळे लावणं हेच आमच्या घराचं पिढ्यानपिढ्यांचं काम. कापूस-तुरीच्या वऱ्हाडात ही वेगळीच शेती. नांगर नाही, पेरणी नाही. वेल, पाणी आणि सावली एवढ्यावर सगळा खेळ. बाकीच्यांना वावर म्हटलं की लांबवर पसरलेली काळी माती आठवत असेल. मला मात्र एक दार आठवतं. तुराट्यांचं, कमरेत वाकल्याशिवाय आत जाता येणार नाही असं बुटकं दार, आणि त्याच्या बाहेर डबा घेऊन उभी असलेली मी.

पानमळ्यात चपला चालत नाहीत हे बहुतेकांना माहीत असतं. आमच्याकडे बायकाही चालत नसत. नागवेल म्हणजे देवी, तिला विटाळ खपत नाही, पान काळं पडतं, वेल जळून जाते, असं सांगायचे. गावातल्या इतर घरांत एवढं कडक नव्हतं. तिथे महिन्यातले तेवढे दिवस पाळले की झालं. आमच्या आजोबांनी मात्र सरसकट बंदी घालून टाकली होती. दर महिन्याला कोण विचारत बसणार, असा त्यांचा सोपा विचार. सुना तर लग्न होऊन आल्या त्या दिवसापासून बाहेरच. लहान मुली तेवढ्या आत जाऊ शकत, त्याही न्हाण येईपर्यंत.

त्यामुळे माझा मळा बारा-तेरा वर्षांचा आहे. त्यानंतर तो वाढलाच नाही.

तो कसा होता ते सांगायला बसले की माझा मलाच भरवसा वाटत नाही. बाहेर मे महिन्याचं ऊन डोकं फोडत असायचं, आणि दारातून वाकून आत पाऊल टाकलं की पोटऱ्यांपर्यंत गारवा चढायचा. शेवरीची उंच सडपातळ झाडं ओळीनं उभी आणि प्रत्येकीच्या अंगावर वेल. उजेडसुद्धा हिरवा. आत शिरलं की आवाज आपोआप खाली यायचा, कुणी दटावायची गरज नव्हती. बाबा कमरेला लव्हाळ्याची जुडी खोचून वेली बांधत पुढे सरकायचे. लव्हाळा म्हणजे ओलं, चिवट गवत. त्यानं वेल झाडाला बांधायची, पण गाठ अशी की वेलीला काच बसता कामा नये. मी जुडीतून एक एक काडी काढून त्यांच्या हातात द्यायची. बाबा काम करताना गुणगुणायचे. घरात त्यांना गुणगुणताना मी कधी ऐकलं नाही.

मग सातवीच्या उन्हाळ्यात एका सकाळी माय म्हणाली, "आता तू भायेरच थांबजो." बस, एवढंच. ना काही कारण, ना समजावणं. त्या दिवशी मी डबा घेऊन गेले आणि दारातून हाक मारली, "बाबाऽ!" आतून हात आला आणि डबा घेऊन गेला. पुढची कितीतरी वर्षं मळ्यातले बाबा म्हणजे माझ्यासाठी एवढाच एक हात होता, मनगटापर्यंत चिखलानं भरलेला.

मी चिडले नाही असं नाही. दाराबाहेर उभी राहून मी मुद्दाम मोठ्यानं गाणी म्हणायची, आतल्या देवीला ऐकू जावीत म्हणून. नागपंचमीला पूजेचं ताट आम्ही बायकांनी सजवायचं, दूध, लाह्या, फुलं सगळं मांडायचं, आणि दारापाशी नेऊन पुरुषांच्या हातात द्यायचं. पूजा कशी झाली हे त्यांच्या तोंडून ऐकायचं. आम्ही रांधलेलं देवीला चालत होतं, आम्ही नाही. मी हे एकदा आजीला बोलून दाखवलं तर ती म्हणाली, "जास्त शायनी होऊ नको." तेव्हापासून मी शहाणपण मनातल्या मनात ठेवायला शिकले.

पण मळा घरी यायचाच. दुपारी पुरुष पानांच्या पाट्या आणून ओसरीवर ओतायचे आणि मग आमचं राज्य सुरू व्हायचं. ओलं गोणपाट अंथरून माय आणि मी पानं निवडायला बसायचो. मोठं वेगळं, कोवळं वेगळं, डागी वेगळं. मायचे हात इतके भरभर चालत की बघणाऱ्याला वाटावं ही पानं नुसती इकडची तिकडे सरकवते आहे. ती पान नुसतं चिमटीत धरून सांगायची, "हे इहिरीकडलं," किंवा "हे पश्चिमेकडल्या कडेचं, वारा लागला याले." विहिरीकडचं पान जाड आणि गार असायचं. कडेच्या पानाची किनार किंचित चुरगळलेली. हळूहळू मलाही ते कळायला लागलं. आता न दिसणाऱ्या वाफ्यांची पानं हाताला ओळखू यायची. पाटीत पानं रचून, केळीच्या पानानं झाकून, वर ओलं फडकं बांधलं की संध्याकाळच्या एसटीच्या टपावरून ती अकोल्याला, खामगावला, बऱ्हाणपूरला जायची.

पुढे मी डी.एड.ला अकोल्याला गेले, तेव्हा घरच्या आठवणीनं जीव कासावीस व्हायचा. बसस्टँडच्या बाहेर एक पानठेला होता. तिथल्या ओल्या फडक्यातली पानं मला ओळखीची वाटली. मी एक पान मागून घेतलं, उलटं केलं, वास घेतला. आमचंच होतं. निदान मला तसं वाटलं. ठेलेवाल्यानं विचारलं, "चूना-कत्था लावू का?" मी म्हटलं, "नको, नुसतं द्या." त्यानं माझ्याकडे वेड्या बाईकडे पाहावं तसं पाहिलं. खोलीवर जाऊन मी ते पान वहीत ठेवलं नाही की काही नाही, सरळ खाऊन टाकलं आणि रडत बसले.

लग्न होऊन अमरावतीला आले. शाळेत नोकरी लागली, घर झालं, मुलं मोठी झाली. गच्चीवर मी दरवर्षी माहेरच्या वेलीची फांदी लावायची. कधी सावलीत, कधी ओलं पोतं गुंडाळून, कधी कुंडीखाली पाण्याची परात ठेवून. पावसाळ्यात ती तरारायची, दिवाळीपर्यंत बरी राहायची आणि अमरावतीचा उन्हाळा लागला की वाळून काडी व्हायची. बाबांना सांगितलं की ते म्हणायचे, "वेलीले शेजार लागते. एकटी नाई जगत." तरी मी फांद्या नेत राहिले. नवरा म्हणायचा, तू दरवर्षी ही पोरगी आणून मारतेस. त्याचं बरोबर होतं, पण मला थांबवत नव्हतं.

तिकडे मळाही आटत चालला होता. विहिरीचं पाणी खाली गेलं. बोअर मारल्या, त्याही खाली गेल्या. गल्लोगल्ली गुटख्याच्या पुड्या लटकायला लागल्या आणि पानाला कुणी विचारेना. आमच्या भावकीतल्या एकेकानं मळे मोडून संत्रा लावला, केळी लावल्या. बाबांनीही दरवर्षी थोडा थोडा सोडला. माझा धाकटा भाऊ पुण्याला कंपनीत आहे. तो तिथून फोनवर शेती करतो, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकतो. त्याच्या म्हणण्यानुसार सगळीकडे ठिबक टाकून संत्रा केला की डोक्याला ताप नाही. बोलणं चुकीचं नव्हतं, म्हणूनच त्याच्याशी भांडता येत नसे. शेवटी मळ्याच्या तीन ओळी उरल्या. त्या मात्र बाबांनी सोडल्या नाहीत.

यंदा थंडी ओसरत असताना बाबा अंगणात पडले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण उठून चालणं आता कठीणच, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी गेल्याच वर्षी निवृत्त झालेली, म्हणून बॅग भरून माहेरी येऊन राहिले. बाबांना दुखण्याची फिकीर नव्हती. सकाळ-संध्याकाळ एकच धोशा. वेल उतरवायची राहिली.

ही उतरवणी म्हणजे आमच्या शेतीचा प्राण. वेल वर्षभर शेवरीवर चढत जाते आणि टोकाला पोचली की तिची पानं बारीक पडायला लागतात. मग तिच्या सगळ्या गाठी सोडून तिला अलगद खाली उतरवायची, खालचा उघडा दांडा बुंध्यापाशी खड्ड्यात वेटोळं करून मातीत पुरायचा आणि शेंडा तेवढा वर ठेवून पुन्हा झाडाला बांधायचा. पुरलेल्या दांड्याला नवी मुळं फुटतात आणि वेल पुन्हा पहिल्यासारखी चढायला लागते. हे दरवर्षी केलं तर वेल म्हातारी होत नाही. एक वर्ष राहिलं की गेलीच समजा. आणि ज्यांना हे येत होतं ती माणसं एक तर वर गेली होती, नाहीतर संत्र्याच्या बागेत कामाला होती.

भावानं फोनवर सांगून टाकलं, "दादांनी आता हट्ट सोडावा. यंदा उतरली नाही ना वेल, पावसाळ्यात त्या तीन ओळीपण काढून संत्रा लावतो." तो बाबांना दादा म्हणतो. बाबांनी फोन माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या खाटेपाशी बसून म्हटलं, "बाबा, मी उतरवतो वेल."

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं.

"तुमी सांगा कसं कराचं ते. मी करतो."

"पाहू," ते म्हणाले. मी उठून स्वयंपाकघरात गेले. ओसरीवरून त्यांचा कुजबुजल्यासारखा आवाज येत होता. थोड्या वेळानं माय आत आली, पदर तोंडाशी धरून. तिचं वय ऐंशीच्या पुढे, तरी लाजली होती.

"अवं बाई," ती म्हणाली, "बाबा इचारून राहिले... तुह्यं ते बंद झालं ना?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यभर शाळेत पोरींना विज्ञान शिकवलं, आठवीच्या वर्गात तो धडा कधी गाळला नाही, दुसऱ्या बाई गाळायच्या म्हणून त्यांच्याशी भांडले, आणि साठीच्या उंबरठ्यावर माझ्या बापाला हा एवढाच प्रश्न पडला होता. वाटलं, जाऊन सांगावं, ठेवा तुमची वेल तुमच्यापाशी, सुकू द्या. राग खरा होता. पण त्याच्याहून मोठी एक हाव होती, आणि ती फार जुनी होती. मला आत जायचं होतं. कुठल्याही अटीवर जायचं होतं.

"कवाचंच," मी म्हटलं.

माय बाहेर जाऊन सांगून आली. बाबांनी मला हाक मारली आणि म्हणाले, "सकाळी जाजो मंग. लव्हाळा भिजवून घेजो आजच."

वरातीमागून घोडं ते हेच. परवानगी मिळाली तेव्हा गुडघ्यांनी संप पुकारला होता. तुराट्यांच्या दाराच्या जागी आता पत्र्याचं दार होतं, पण होतं तितकंच बुटकं. मी चपला काढल्या, पाय धुतले, वाकले आणि आत गेले. गारवा तसाच पोटऱ्यांवर चढला. ओल्या मातीचा आणि पानांचा तो तिखट वास तसाच होता. मी तिथेच खाली बसले आणि मोठ्यानं रडून घेतलं. आसपास कुणी नव्हतं, ते एक बरं होतं.

मग फोन शेवरीच्या बेचक्यात अडकवला आणि बाबांना व्हिडिओ कॉल लावला. पुढचे काही दिवस असेच गेले. बाबा खाटेवरून ओरडायचे, मी वेलीशी झोंबायची.

"हळू! मोडन ते! वरतून सोड गाठी, खालतून नाई."

"वरतूनच सोडून राहिली जी मी."

"मले दिसून राहिलं ना. शेंड्याले हात लावू नको. शेंडा तिचा जीव हाय."

पहिल्याच दिवशी माझ्या हातून एक वेल मोडली. मला वाटलं आता बाबा फोन ठेवतील. पण म्हणाले, "माह्याकडूनबी मोडली होती पयल्यांदा. माह्या बापानं थोबाडीत मारली होती." आणि हसले. त्या आवाजावरून मला कळलं की आज त्यांना दुखणं आठवलेलं नाही.

वेटोळं पुरायला बुंध्याशी माती उकरली की गेल्या वर्षीचा दांडा लागायचा, त्याला पांढरी मुळं फुटलेली. मी तो फोनसमोर धरला.

"तो मी घातलेला," बाबा म्हणाले. "त्याच्या खाली आदल्या सालचा. त्याच्या खाली माह्या बापाचा, त्याच्या खाली त्याच्या बापाचा."

माझ्यातली विज्ञानाची बाई गप्प बसेना. "तितका खालचा तं सडून माती झाला असन, बाबा."

"होऊ दे ना माती. हे माती तं त्यायचीच हाय."

मी माती पुढे ओढली, दाबली, वर पाणी घातलं. त्या मातीवर माझाही काही हक्क आहे, असं मला जन्मात पहिल्यांदा वाटलं. सात-बाऱ्यावर नाव असून-नसून काय होतं? मी नखांत भरलेली माती संध्याकाळी धुतलीच नाही. माय जेवायला वाढताना हाताकडे बघायची.

वेली उतरल्या. मग वाट बघणं आलं. ऊन तापायला लागलं. मी रोज जाऊन शेंडे पाहायची, पाणी द्यायची, परत येऊन बाबांना सांगायची, अजून काही नाही. आणि एका सकाळी पहिल्या ओळीतल्या वेलीला तांबूस कोंब दिसला. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या ओळीत. मी फोनसुद्धा न लावता घरी आले आणि दारातूनच ओरडले, "फुटली, बाबा!"

बाबांनी डोळे मिटून हात जोडले. मग म्हणाले, "आता दरसाल तूच करजो." भावाला मी त्यांच्यासमोरच फोन लावला. तो म्हणाला, "ठीक आहे बाई, राहू दे मग. तू बघणार असशील तर राहू दे." एवढ्यासाठी सगळा आटापिटा होता. तीन ओळी वाचल्या होत्या.

चांगली पानं हाती यायला आणखी दिवस गेले. पहिली तोडणी मी केली, जेमतेम एक टोपलं भरलं. माय ओसरीवर ओलं गोणपाट अंथरून बसली होती. मी टोपलं तिच्यापुढे ठेवलं आणि तिच्या शेजारी बसले. मी फार खुशीत होते. त्या खुशीतच बोलून गेले, "माय, तुह्यं तं किती वर्सं झाले बंद होऊन. तुलेबी जाता आलं असतं ना आत. तू काहून नाई गेली?"

तिचे हात चालूच होते. "मले कोनी म्हटलंच नाई," ती म्हणाली.

खाटेवर बाबांनी मान वळवली. मग म्हणाले, "तं आज जाय ना. कोन अडवते तुले?"

"अडवलं कोनी नाई," माय म्हणाली, "बलावलंबी नाई."

बाबा पुन्हा भिंतीकडे वळले. मायनं उरलेली पानं निवडली, रचली, वर फडकं टाकलं. मग उठून कपाटातली ठेवणीतली साडी काढली आणि मला म्हणाली, "निऱ्या धर."

मी ऑटो बोलावला. बांधापासून दारापर्यंत ती माझ्या खांद्याला धरून चालत आली. चपला काढल्या. मी पाय धुवायला वाकले तर मला बाजूला सारून तिनं स्वतःच पायांवर पाणी घेतलं. दारात मी सांगण्याआधीच ती वाकली. आत जाऊन पहिल्या ओळीतून चालत गेली, प्रत्येक शेवरीला हात लावत. दुसऱ्या ओळीतून परत आली. तिसऱ्या ओळीच्या टोकाला जाऊन थांबली आणि वळून माझ्याकडे पाहिलं.

"येवढाच व्हय?"

"नाई माय," मी म्हटलं, "लय मोठा होता. इहिरीपासून पार त्या नाल्यापर्यंत होता." आणि हात लांब करून दाखवलं.

ती हाताच्या दिशेनं बघत राहिली. तिकडे नाल्यापर्यंत संत्र्याची झाडं होती.

"तवा दाखवाचा होता," ती म्हणाली.